निळी ट्यूब बाजूला ठेवल्यावर: पंचगंगाकाठच्या एका नववीच्या वर्गाचा प्रकरण अभ्यास

पर्यावरणावर चित्र काढा असं नववीच्या वर्गाला सांगितलं की काय येणार, हे कुठल्याही कलाशिक्षकाला पाठ असतं. अर्धी हिरवी आणि अर्धी करपलेली पृथ्वी, डोळ्यांतून पाणी काढणारं झाड, नळाच्या तोंडाशी लोंबणारा शेवटचा थेंब, दोन तळहातांवर उगवलेलं रोपटं. खाली जाड अक्षरांत घोषणा. मुलं ती मन लावून काढतात, रंगकाम नीटनेटकं असतं, स्पर्धेत बक्षीसही मिळतं. पण त्यातली नदी कुठलीच नसते. शिरोळ तालुक्यातल्या ज्या माध्यमिक शाळेत मी शिकवतो तिथली मुलंही वर्षानुवर्षं अशीच नदी काढत आली: कोबाल्ट निळी, दोन डोंगरांमधून वळत येणारी. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर पंचगंगा वाहते. तिथे डोंगर नाहीत आणि पाणी निळं नाही.

२०२४-२५ च्या नववीने वर्षभर या नदीची चित्रं काढली. त्याची ही नोंद आहे. चित्रकलेतून सामाजिक भान वगैरे मोठे शब्द प्रशिक्षणात बरेच ऐकू येतात. वर्गात ते नेमकं कसं घडतं, कुठे अडतं आणि कुठे घडतच नाही, हे एका वर्गापुरतं तरी लिहून ठेवावं असं वाटलं.

आधी नदीबद्दल थोडं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमावरून ती कोल्हापूरला येते, पुढे इचलकरंजीवरून शिरोळ तालुक्यात शिरते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या वाटेत कोल्हापूर शहराचं सांडपाणी, साखर कारखान्यांचं पाणी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं, रंगाचं पाणी आणि उसाच्या रानातून निथळलेलं खत असं सगळं तिच्यात येतं. आम्ही शेवटच्या टोकाला आहोत, त्यामुळे वरच्यांनी सोडलेलं सगळं आमच्यापर्यंत पोचतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तिच्यात ३५१ पट्टे होते आणि त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले. पंचगंगा त्यांत आहे. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसला ही बातमी आमच्या मुलांना नवी नसते, वास आधीच आलेला असतो.

वर्ग चाळीस-बेचाळीस मुलांचा. कुणाच्या घरचा ऊस, कुणाचे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, कुणाचे सायझिंगला (सुताला खळ लावायच्या कामाला), कुणाचे प्रोसेसला. आठवड्याला चित्रकलेचे तास मोजकेच, त्यातलाही एखादा गणिताकडे जातो. आमच्याकडे एक सोय होती: 'जलसुरक्षा' हा श्रेणीचा विषय विज्ञानाच्या बाई शिकवत होत्या. त्यांचा एक तास आणि माझा एक तास आम्ही एकाला एक जोडून घेतला. नदीवर जाऊन यायला तेवढा वेळ पुरतो. पालकांची लेखी संमती घेतली. बसायचं फक्त घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर किंवा पुलाच्या कठड्याआत, बंधाऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

वर्गाला अट एकच घातली. दिवाळीपर्यंत चित्रात घोषणा लिहायची नाही, संदेश द्यायचा नाही. जे समोर आहे तेवढंच काढायचं. मुलांना हे विचित्र वाटलं. "मग चित्राचा अर्थ काय, सर?" असं एकीने विचारलंसुद्धा. प्रश्न रास्त होता, कारण तोवर चित्राचा अर्थ म्हणजे खालची ओळ असंच आपण त्यांना शिकवत आलो आहोत.

रंगपट्टी

पुराचं पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये काम सुरू झालं. पहिलं काम अगदी लहान होतं. कार्ट्रिज पेपरची लांब पट्टी कापायची, तिच्यावर चौकोन आखायचे आणि दर पंधरवड्याला घाटाच्या एकाच पायरीवर उभं राहून नदीच्या पाण्याचा रंग एका चौकोनात भरायचा. शेजारच्या चौकोनात पांढऱ्या कपात घेतलेल्या त्याच पाण्याचा रंग. मागे तारीख, वेळ, आभाळ कसं होतं आणि बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले होते की काढलेले.

पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांनी निळी ट्यूब उघडली. पाण्याकडे न बघता. मी एकाला फक्त त्याची पट्टी पाण्याच्या रेषेत धरायला सांगितली. तो बघत राहिला, मग म्हणाला, "सर, ह्ये तर चहागत हाय." पुराचा गाळ होता, तांबूस मातकट. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि कणभर काळा. त्या दिवसापासून निळी ट्यूब फक्त मिश्रणासाठी वापरायची असं वर्गानेच ठरवलं. ऑक्टोबरनंतर बरगे घातले गेले, पाणी तुंबलं आणि चौकोन हिरवट होत गेले. नोव्हेंबरमध्ये सॅप ग्रीन चालत होता. जानेवारीअखेर त्यात अंबर हा तपकिरी रंग आणि काळा घालावा लागला. फेब्रुवारीतला एक चौकोन तर कोणालाच जमेना, कारण पाण्यावर जांभळट तवंग होता आणि तो उन्हात हलत होता. तीन मुलांनी तीन वेगळे रंग लावले, आम्ही तिन्ही ठेवले.

इथे विज्ञानाच्या बाईंनी जी भर घातली ती मला फार मोलाची वाटते. रंग गढूळ म्हणजे पाणी घाण, असा मुलांनी लगेच निष्कर्ष काढला होता. बाईंनी तो मोडला. ऑगस्टचं तांबूस पाणी म्हणजे डोंगरातली वाहून आलेली माती, त्यात वाहतं पाणी आणि हवा भरपूर. डिसेंबरचं हिरवं पाणी दिसायला शांत, पण त्यात शेवाळ माजलेलं आणि विरघळलेला प्राणवायू कमी असू शकतो. अंघोळीयोग्य पाण्याच्या निकषात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमपर्यंत धरतात, हे त्यांनी फळ्यावर लिहिलं. मग पांढऱ्या-काळ्या रंगवलेल्या डब्याच्या झाकणाला दोरी बांधून ते पुलावरून पाण्यात सोडलं आणि कुठे दिसेनासं होतं ते मोजलं. डोळ्यांना काय कळतं आणि काय कळत नाही, ही मर्यादा चित्रकलेच्या तासाला कधी शिकवली जात नाही. ती शिकवायला हवी. नाहीतर मुलं चित्राला पुरावा समजतात, आणि मग कुणीतरी त्यांचं चित्र एका वाक्यात खोडून काढतो.

पट्टीचं काम चालू असताना आम्ही एकदा कोल्हापूरला टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. मला मुलांना आबालाल रहमान दाखवायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापूरला परतलेला, शाहू महाराजांच्या काळातला हा चित्रकार कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा अशा पाणवठ्यांवर जाऊन चित्रं काढत असे. मुलांना काम एवढंच दिलं: पाण्याच्या एका कोपऱ्यात किती रंग आहेत ते मोजा. एक मुलगा चित्रासमोरून हलेना. आपल्याच नदीवर कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी असाच बसला होता, हे त्याला पटायला वेळ लागत होता.

सुंदर दिसणारं संकट

सगळ्यात अवघड झाली जलपर्णी. डिसेंबर-जानेवारीत बंधाऱ्यामागे ती दाटली आणि फुलली. फिकट जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर निळसर डाग आणि त्यात पिवळा ठिपका, मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखा. ज्यांना फुलं काढायला आवडतात त्यांना पर्वणी होती. जलरंगात इतकी देखणी पानं वर्षभरात दुसरी झाली नव्हती. ती भिंतीवर लावल्यावर वर्गात वाद पेटला. काहींचं म्हणणं, ही चित्रं चुकीची आहेत, प्रदूषण इतकं छान दाखवायचं नसतं. दुसरे म्हणाले, दिसतं तसंच तर काढलंय.

ही झाडं मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेसाठी जगभर नेलेली. सांडपाण्यातलं आणि खतातलं नत्र-स्फुरद मिळालं की भराभर वाढतात, पाण्याला उजेड मिळू देत नाहीत, आणि कुजली की उरलासुरला प्राणवायूही जातो. म्हणजे लोकांनी हौसेने आणली ती याच देखणेपणामुळे. माझ्या मते चित्रातून तो काढून टाकणं खोटं झालं असतं. एका मुलीने वादाचं उत्तर शब्दांत न देता कागदावर दिलं. तिने काठावर ओढून टाकलेलं एक रोप उचललं, देठाचा फुगा ब्लेडने उभा कापला आणि आतला स्पंजसारखा भाग भिंगातून बघून पेन्सिलने मोठा काढला. मग त्याच कागदावर खाली काळी, केसाळ मुळं, त्यांना चिकटलेला गाळ, एक गुटख्याची पुडी. वरचं फूल तिने तसंच ठेवलं. एका कागदावर उभं पूर्ण रोप. घोषणेवरची बंदी तोवर उठली होती, तरी त्या चित्राखाली तिने काही लिहिलं नाही.

बाभळींचं चित्रही असंच बघण्यातून आलं. नदीकाठच्या बाभळींवर उंचावर चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, खताच्या पोत्यांचे धागे लोंबत असतात. बहुतेक मुलं ते गाळून झाड काढत. एकाने काळ्या शाईत फांद्या आणि चिंध्या दोन्ही काढल्या आणि झाडाशेजारी उभा असलेला स्वतःचा मित्र त्याच मापात काढला. मित्र चिंध्यांच्या खूप खाली आला. चित्र बघताना वर्गाच्या लक्षात आलं की पाणी कुठवर आलं होतं ते झाड सांगतंय. ही मुलं २०१९ च्या महापुरात चौथीत होती. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे त्यांना पाढ्यांसारखे येतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये त्याहूनही वर. त्या दिवशी तास संपला तरी मुलं बोलत होती, कुणाची म्हैस गच्चीवर चढवली होती, कुणी होडीत आजीला कसं उतरवलं. शासकीय रेखाकला परीक्षेसाठी स्मरणचित्र म्हणून आपण त्यांच्याकडून भाजीमंडई आणि बसथांबा घोटून घेतो, ठरावीक छत्रीवाला माणूस आणि ठरावीक टोपलीवाली बाई. या मुलांच्या स्मरणात प्रत्यक्ष जे आहे ते कागदावर यायला बाभळीचं एक झाड निमित्त झालं.

बाप आणि रंग

दिवाळीनंतर संदेशाची बंदी उठली. आता प्रत्येकाने या नदीशी आपल्या घराचा काय संबंध आहे ते काढायचं होतं. एका मुलीने आराखडा आणला: काळा कोट घातलेला जाडा माणूस पिंपातून नदीत विष ओततोय. तिचे वडील प्रोसेसमध्ये जिगर मशीनवर (कापड रंगवायच्या यंत्रावर) असतात, हे मला माहीत होतं. मी एवढंच विचारलं, "हा माणूस तू कुठं बघितलास?" ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "सर, खरं काढलं तर माझा बापच चोर ठरतोय की."

या वाक्यावर आम्ही बराच वेळ बोललो, आधी दोघं आणि मग तिच्या परवानगीने वर्गात. कापड रंगवायला पाणी लागतं, उरलेलं रंगाचं पाणी शुद्ध करायला पैसा लागतो. इचलकरंजीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, पण तिथपर्यंत सगळं पाणी जातं का, हा वर्षानुवर्षांचा भांडणाचा विषय. पाणी कुठे सोडायचं हे जिगरवरचा कामगार ठरवत नाही. कापड स्वस्त मिळावं असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, वर्गातल्या गणवेशांपासून. मुलांनी हे स्वतःहून मांडलं, मी फक्त फळ्यावर लिहीत होतो.

तिने शेवटी काढलं ते असं: घराच्या उंबऱ्यावर बसून वडील वजरीने टाचा घासतायत. नखं निळी, टाचांच्या भेगांत निळं, पायाखालचं मोरीकडे वाहणारं पाणी निळं. वर्षभर बाजूला ठेवलेली निळी ट्यूब तिने या एका जागी वापरली. वडिलांना चित्र दाखवूनच वर्गात लावू असं आम्ही ठरवलं होतं. ते शाळेत आले, चित्र हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, बरोबर काढलंय पोरीनं. लावा. पर माझं तोंड नका दावू." तोंड चित्रात नव्हतंच, मान खाली होती. तरीही तिने केसांची ठेवण बदलून दिली.

कुणाचं दुःख चित्रात येतंय, त्या माणसाला विचारलंय का, ही शिस्त मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. सामाजिक प्रश्नावर चित्र काढताना गरीब माणूस हा विषय होऊन बसतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. इथे तो विषय मुलीचा बाप होता म्हणून विचारणं सुचलं. परका असता तरी विचारायला हवं, हे वर्गाला समजलं की नाही याची कसोटी पुढेच लागली.

नोव्हेंबरपासून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या एका टोळीतला मुलगा आमच्या पटावर नव्हता, पण वर्गात येऊन बसायचा. त्याच्या कागदावर चित्र वरून पाहिल्यासारखं उतरलं: कोप्यांची, म्हणजे टोळीच्या झोपड्यांची, ओळ, बैलगाड्या, चुली, आणि तिथून नदीपर्यंत गेलेली लांबलचक पायवाट. वाटेवर घागरी घेतलेल्या बायका, सगळ्या एकाच दिशेने तोंड करून. मुलांनी विचारलं, "ह्ये पाणी प्यायला?" तो म्हणाला, "मंग कुठलं?" वर्षभर त्याच पाण्याच्या रंगाच्या पट्ट्या भरणाऱ्या मुलांना यावर बोलायला काही सुचलं नाही. गावाला नळयोजनेचं पाणी आहे. कोप्यांपर्यंत नळ जात नाही.

वर्गाने लगेच त्यावर मोठं पोस्टर करायचं ठरवलं. या वेळी एका मुलाने हात वर केला: त्याच्या आईला विचारलंय का? विचारलं. ती म्हणाली, चित्र काढा की, पण आधी पाण्याचं बघा. एका मुलाच्या आजोबांनी त्यांच्या बोअरला नळी जोडून दिली. ग्रामपंचायतीकडे हंगामापुरता नळ मागणारा अर्ज मुलांनी लिहिला, त्यावर मार्चपर्यंत काही झालं नाही आणि टोळी गेली.

प्रदर्शन आणि एक पाटी

२६ जानेवारीला गावातल्या सभागृहात चित्रं लावली. त्याआधी एक अडचण आली. एका गटाने ओढा नदीला मिळतो ती जागा प्रत्यक्ष बसून काढली होती: फेस, काळी धार, काठावरची जळकी गवतं. आणि चित्राच्या वर, मागे, एका कारखान्याची पाटी नावासकट काढली होती. पाटी काढून टाका असं आम्हाला सुचवण्यात आलं. मुलं चिडली, आणि त्यांचं चिडणं मला समजत होतं. पण मी त्यांना एकच प्रश्न विचारला: त्या पाटीपासून या ओढ्यापर्यंतचा पाइप तुम्ही बघितलाय का? बघितला नव्हता. ओढ्यात वरून अनेकांचं पाणी येतं. मग पाटी गेली आणि तिच्या जागी कोपऱ्यात तारीख, वेळ आणि आपण कुठे बसलो होतो त्याचा छोटा नकाशा आला. पाटी दबावामुळे खोडायची आणि खात्री नाही म्हणून खोडायची यातला फरक वर्गाला पटावा यासाठी मी खूप वेळ दिला. दोघा-तिघांना तो अजूनही पटलेला नाही. त्यांच्या मते आपण घाबरलो. त्यांचं मत मी खोडत नाही.

प्रदर्शनात लोक सर्वांत जास्त वेळ उभे राहिले ते रंगपट्ट्यांपुढे. मला वाटलं होतं की मोठी चित्रं ओढून घेतील. एक वयस्कर गृहस्थ ऑगस्ट ते जानेवारीचे चौकोन बोटाने दाखवत म्हणाले, आमच्या लहानपणी दिवाळीनंतर तळ दिसायचा. मग बाकीचे बोलू लागले: वाम मासळी कुठे मिळायची, मरळ कुठे, पोहायला उडी कुठून मारायचो. मुलांनी वह्या काढल्या आणि लिहून घेतलं. त्यातून पुढचा उपक्रम आपोआप ठरला, आजोबांच्या सांगण्यावरून काढलेली नदी. एका मुलीने आजीला समोर बसवून चित्र काढलं. आजी सांगायची, "न्हाई, पायऱ्या अजून खाली होत्या," आणि ती खोडून पुन्हा काढायची.

नदीत काही बदल झाला का, असं मला विचारलं जातं. नाही. फेब्रुवारीत पुन्हा मासे मेले. मुलांच्या चित्रांनी ते थांबेल असं आम्ही त्यांना कधी सांगितलंही नव्हतं. परीक्षेच्या बाजूनेही चित्र संमिश्र आहे. रेखाकला परीक्षेला बसलेल्यांपैकी बहुतेकांनी तिथे जुना छत्रीवाला माणूसच काढला, कारण दहावीला वाढीव गुण हवे असतात आणि धोका पत्करायला मुलं तयार नसतात. मी त्यांना दोष देत नाही. काही मुलं वर्षभर कंटाळलेलीच राहिली, त्यांना नदी नको होती, मोटरसायकली काढायच्या होत्या. मात्र पुढच्या पर्यावरण चित्रस्पर्धेला या वर्गातून आलेल्या चित्रांत रडणारं झाड एकही नव्हतं, आणि विषय मिळाल्यावर आधी "सर, जाऊन बघून येऊ का?" असं विचारणारी मुलं बरीच होती.

दुसऱ्या शाळेत कुणाला हे करायचं असेल तर रंगपट्टीपासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. तिला खर्च नाही, चित्रकला न येणाऱ्या मुलालाही ती जमते, आणि नदी नसेल तर गावचा ओढा, तळं, नाहीतर आकाशही चालतं. विज्ञानाचा शिक्षक सोबत हवाच. चित्र कुणाबद्दल आहे त्या माणसाला आधी दाखवायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून लावावा.

यंदाच्या नववीने पट्टी जूनमध्येच सुरू केली, म्हणजे पावसाचं पहिलं पाणीही त्यात आलं. हंगामी नळाचा अर्ज त्यांनी सप्टेंबरमध्ये, टोळ्या यायच्या आधीच, ग्रामपंचायतीत दिला आहे. त्याला कोप्यांच्या त्या चित्राची झेरॉक्स जोडली आहे, आणि बीडला फोन करून त्या मुलाच्या आईला तसं विचारून घेतलं आहे.